गल्फ स्ट्रीम बंद पडेल का, आणि आपल्या पावसाचं काय?

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "माझा मुलगा आठ वर्षांपासून एडिनबरोत आहे आणि आता तिथेच घर घ्यायचं म्हणतो. गल्फ स्ट्रीम बंद पडणार, युरोप गोठणार, अशा बातम्या दर दोन महिन्यांनी वाचतो. हे खरं आहे का? असेल तर कधी? आणि आपल्या पावसाशी याचा काही संबंध आहे का? आमची जमीन खटाव तालुक्यात आहे, सगळी पावसाच्या भरवशावर."

आधी थोडक्यात उत्तर देतो, कारणं नंतर. गल्फ स्ट्रीम बंद पडणार नाही. धोका आहे तो त्याच्याशी जोडलेल्या दुसऱ्या, जास्त खोल आणि जास्त नाजूक अभिसरणाला. ते या शतकात मंदावेल, हे जवळजवळ नक्की. २१०० च्या आत ते पूर्ण थांबण्याची शक्यता कमी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करावं इतकी कमी नाही. पंधरा वर्षांपूर्वी ती मला जितकी दूरची वाटायची तितकी आज वाटत नाही. आणि आपल्या पावसाशी संबंध आहे. तुम्ही तो प्रश्न शेवटी विचारलात, माझ्या मते तो पहिला असायला हवा होता.

मी भौतिक समुद्रविज्ञानातला. बत्तीस वर्षं समुद्राचं तापमान आणि क्षारता मोजण्यात गेली, बहुतेक अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात. अटलांटिकमध्ये मी स्वतः काम केलेलं नाही. पण पाणी कुठे बुडतं आणि कुठे बुडत नाही याचे नियम सगळीकडे सारखेच आहेत, आणि ते कळायला आपल्या दोन्ही बाजूंचे समुद्र फार चांगली शाळा आहेत.

गल्फ स्ट्रीमपासून सुरुवात करू, कारण बातम्यांमधला अर्धा गोंधळ या नावामुळे होतो. फ्लोरिडा आणि बहामा बेटांच्या मधून हा प्रवाह सेकंदाला सुमारे ३.२ कोटी घनमीटर पाणी घेऊन उत्तरेकडे जातो. त्याला ढकलतात ते वारे, आणि तो अमेरिकेच्या किनाऱ्याला चिकटून अरुंद आणि वेगवान होतो तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे. वारा वाहतोय आणि पृथ्वी फिरतेय तोवर गल्फ स्ट्रीम राहणार. त्यातलं बरंचसं पाणी अटलांटिकमध्येच गोल फिरून परत दक्षिणेला येतं. थोडा भाग मात्र पुढे ईशान्येला, आइसलँड-नॉर्वेच्या दिशेने जातो. तिथे त्याची उष्णता हवेत निघून जाते, पाणी थंड आणि जड होतं, दोन-तीन किलोमीटर खोल बुडतं आणि तळाजवळून दक्षिणेकडे परत निघतं. वरून गरम पाणी उत्तरेला, खालून थंड पाणी दक्षिणेला, असं हे विहिरीवरच्या रहाटासारखं अभिसरण. शास्त्रज्ञ त्याला 'एमॉक' (AMOC, अटलांटिकमधल्या या दक्षिणोत्तर अभिसरणाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) म्हणतात, मीही पुढे तेच नाव वापरतो. बंद पडण्याची चर्चा आहे ती याची.

त्याचा आकार लक्षात घ्या. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर एमॉक सेकंदाला सरासरी १.७ कोटी घनमीटर पाणी उलटं-सुलटं फिरवतो. ॲमेझॉन नदी सेकंदाला साधारण २ लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते, म्हणजे ऐंशीहून जास्त ॲमेझॉन. त्याबरोबर उत्तरेकडे जाणारी उष्णता सुमारे १२ लाख गिगावॅट. भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांची क्षमता एकत्र केली तर ५०० गिगावॅटच्या आसपास भरते. यावरून अंदाज करा.

आता हे थांबू कसं शकतं, ते आपल्याच समुद्रावरून पाहू. डिसेंबर-जानेवारीत गुजरातसमोरच्या अरबी समुद्रावर उत्तरेकडचा कोरडा, गार वारा वाहतो. वरचं पाणी गार होतं, बाष्पीभवनाने खारट होतं, म्हणून जड होतं आणि खाली जातं. शंभर मीटरपर्यंत समुद्र ढवळून निघतो, खालची पोषकद्रव्यं वर येतात आणि वनस्पतीप्लवकांचा हिरवा थर उपग्रहातूनही दिसतो. त्याच अक्षांशावर, त्याच हिवाळ्यात, बंगालच्या उपसागरात मात्र यातलं काही होत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि स्वतः पाऊस मिळून तिथे गोड्या पाण्याचा एक पातळ थर पसरून ठेवतात. हिवाळ्यात तो थर गार होतो, इतका की कधी कधी वरचं पाणी खालच्यापेक्षा थंड असतं. तरीही ते बुडत नाही. मीठ कमी म्हणून हलकं, हलकं म्हणून वरच. पहिल्यांदा जहाजावर हा आलेख पाहिला तेव्हा मला वाटलं होतं की उपकरण बिघडलंय. बाटल्यांमध्ये वेगवेगळ्या खोलीचं पाणी भरून आणलं, प्रयोगशाळेत क्षारता मोजली, आणि उपकरण बरोबर निघालं. त्या दिवसापासून कुणी विचारलं की समुद्राच्या अभिसरणात सर्वांत महत्त्वाचं काय, तर मी 'मीठ' असं उत्तर देतो.

उत्तर अटलांटिक आज हिवाळ्यातल्या अरबी समुद्रासारखा वागतो, फक्त कितीतरी पटींनी खोल. लॅब्राडॉर समुद्रात कडक हिवाळ्यात पाणी दीड-दोन हजार मीटरपर्यंत ढवळलं जातं. प्रशांत महासागराच्या उत्तर टोकाला तेवढीच थंडी असूनही असं होत नाही, कारण तिथलं पाणी कमी खारट आहे. अटलांटिक जास्त खारट राहतो याचं एक कारण मोठं सुंदर आहे: त्याच्यावरून उठलेली वाफ व्यापारी वारे मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या जमिनीवरून पलीकडे नेतात, तिचा पाऊस प्रशांतात पडतो, आणि मीठ मागे अटलांटिकमध्ये उरतं.

म्हणजे भीती कशाची, तर उत्तर अटलांटिकचा बंगालचा उपसागर होण्याची. ग्रीनलँडचं बर्फ वितळून, पाऊस वाढून, आर्क्टिकमधलं गोडं पाणी खाली सरकून वर एक हलकं झाकण बसलं, आणि हवा गरम झाल्याने पाणी पुरेसं थंडही होईनासं झालं, तर बुडण्याची क्रिया मंदावते. इथवर कुणालाही पटेल. पुढची गोष्ट हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवली. त्याने संगणकही वापरला नव्हता; दोन टाक्या कल्पिल्या, एक गरम आणि खारट, दुसरी थंड, आणि मध्ये नळी. त्याच्या लक्षात आलं की हा प्रवाह स्वतःच स्वतःला चालू ठेवतो: प्रवाह दक्षिणेतलं मीठ उत्तरेला आणतो, मिठामुळे पाणी जड होऊन बुडतं, आणि बुडण्यामुळे प्रवाह चालू राहतो. याचा अर्थ उलट दिशेनेही तेच. प्रवाह मंदावला की मीठ कमी पोचतं, मीठ कमी म्हणून बुडणं कमी, म्हणून प्रवाह आणखी मंद. एका मर्यादेपर्यंत तो तग धरतो, त्यापलीकडे बाहेरून आणखी धक्का न देताही कोसळतो. आणि कोसळल्यावर गोडं पाणी पूर्वीच्या पातळीवर आणून भागत नाही. त्याला पुन्हा सुरू करायला परिस्थिती त्याहून कितीतरी मागे न्यावी लागते.

हे साधं गणित जवळजवळ वीस-पंचवीस वर्षं बहुतेकांच्या विस्मरणात गेलं होतं. १९८७ मध्ये वॉलेस ब्रोकर यांनी भूतकाळातले पुरावे मांडून हवामानात अचानक उलथापालथ होऊ शकते असा इशारा दिला, आणि १९८८ मध्ये स्युकुरो मानाबे (ज्यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं) आणि रोनाल्ड स्टॉफर यांना त्यांच्या संगणकीय प्रारूपात एमॉकच्या दोन्ही अवस्था सापडल्या, चालू आणि बंद. तेव्हापासून हा विषय टेबलावर आहे.

असं पूर्वी घडलंय का? हो, अनेकदा. ग्रीनलँडच्या बर्फात खोल भोकं पाडून काढलेल्या स्तंभांत दिसतं की सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग संपत आलेलं असताना, उत्तर अटलांटिक पुन्हा एकदा गारठला आणि हजार-बाराशे वर्षं तसाच राहिला. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी तो काळ संपला तेव्हा ग्रीनलँडचं तापमान काही दशकांत दहा अंशांच्या आसपास वर गेलं. त्याआधी, साधारण १७,००० वर्षांपूर्वी, हिमनगांच्या लोंढ्यांनी उत्तर अटलांटिक गोडसर केला होता. बर्म्युडाजवळच्या समुद्रतळाच्या गाळातले किरणोत्सारी घटक सांगतात की तेव्हा अभिसरण जवळपास बंदच होतं. ८,२०० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत बर्फाने अडवलेलं एक प्रचंड सरोवर हडसन उपसागरात रिकामं झालं, तेव्हाही एक छोटा धक्का बसला.

पण इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. त्या काळी उत्तर अमेरिकेवर किलोमीटरभर जाडीचं बर्फ होतं आणि पाण्याचे लोंढे अफाट होते. आज ग्रीनलँड वर्षाला साधारण २७,००० कोटी टन बर्फ गमावतं. ऐकायला प्रचंड आहे, पण प्रवाहाच्या हिशेबात ते सेकंदाला नऊ हजार घनमीटरहूनही कमी भरतं. तेवढ्याने एकट्याने एमॉक थांबत नाही. या शतकात एमॉकला मंद करणारं मुख्य कारण बहुतेक प्रारूपांत समुद्राच्या पृष्ठभागाचं तापणं हेच येतं. वितळलेलं पाणी त्यात भर घालतं. म्हणून "पूर्वी झालं, आता होणारच" हे जितकं चूक, तितकंच "आता ते सरोवर नाही, म्हणून निश्चिंत राहा" हेही चूक.

मग मोजून का सांगत नाही, असं तुम्ही म्हणाल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य यातच गेलं.

एमॉकची अखंड मोजणी सुरू झाली एप्रिल २००४ मध्ये. त्या प्रकल्पाचं नाव रॅपिड. २६.५ अंशांवर बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत तळाला नांगरलेल्या उभ्या तारा आहेत. त्यांवर ठरावीक खोलीला तापमान, क्षारता आणि दाब मोजणारी उपकरणं बसवलेली असतात. महासागराच्या प्रत्येक ठिकाणी वेग मोजायची गरज पडत नाही. पश्चिम आणि पूर्व टोकाच्या पाण्याच्या घनतेतला फरक कळला की मधल्या प्रवाहाचं गणित मांडता येतं, जसं दोन ठिकाणच्या हवेच्या दाबातल्या फरकावरून वारा कळतो. पण त्यासाठी क्षारता दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत बरोबर लागते. उपकरणं वर्ष-दीड वर्ष अंधारात, दाबाखाली असतात, त्यांवर शेवाळ आणि शिंपले चढतात, आकडे हळूहळू सरकतात. सरकले ते उपकरण की समुद्र, हे ठरवणं हे खरं कौशल्य.

आमची एक तार एकदा अरबी समुद्रात हरवली. वर्षभरानंतर आम्ही जहाज घेऊन त्याच जागी गेलो, वरून ध्वनिसंकेत पाठवला, तळाच्या हुकाने उत्तर दिलं की मी सुटलोय. पण वर काहीच आलं नाही. दोन दिवस आम्ही डेकवर उभे राहून नारिंगी बोये शोधत होतो. एक वर्षाची नोंद गेली, आणि ती पुन्हा मिळवता येत नाही, कारण ते वर्ष परत येत नाही. रॅपिडच्या लोकांनी वीस वर्षांहून अधिक काळ नोंद जवळजवळ अखंड ठेवली, त्यामागे काय कष्ट आहेत हे मला ठाऊक आहे.

त्या नोंदीने पहिल्याच दशकात सगळ्यांना चकित केलं. २००९-१० मध्ये एमॉक वर्षभरासाठी सुमारे ३० टक्क्यांनी घटला आणि मग सावरला. त्या काळात न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी दहा सेंटिमीटरहून जास्त वर आली होती. एमॉक मंदावला की तिथलं पाणी किनाऱ्यावर चढतं. म्हणजे हा प्रवाह मुळातच चढउतारांचा आहे, आणि वीस वर्षांच्या नोंदीतून दीर्घकाळचा कल काढणं म्हणजे चार पावसाळ्यांवरून मान्सून बदलला असं म्हणण्यासारखं. २०१४ पासून लॅब्राडॉर ते ग्रीनलँड ते स्कॉटलंड अशी दुसरी, उत्तरेकडची रांग सुरू झाली. तिने २०१९ मध्ये सांगितलं की पाणी उलटण्याचं मुख्य काम लॅब्राडॉर समुद्रात होत नसून ग्रीनलँडच्या पूर्वेला होतं. आम्ही वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना लॅब्राडॉर शिकवत होतो.

फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतली गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावी अशी. तिथला प्रवाह १९८२ पासून समुद्राखालच्या जुन्या टेलिफोन केबलने मोजला जातो. खारं पाणी वीजवाहक, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहतं, म्हणून केबलमध्ये सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो, दाबावरून प्रवाह. त्या नोंदीत प्रवाह हळूहळू कमी होताना दिसत होता. २०२४ मध्ये लक्षात आलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच या काळात थोडं बदललं आहे. ती दुरुस्ती केल्यावर फ्लोरिडाचा प्रवाह चार दशकं जवळपास स्थिर निघाला, आणि रॅपिडच्या नोंदीतली एमॉकची घटही सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. कुणी खोटं बोललं नव्हतं. मोजणं इतकं अवघड आहे.

२००४ च्या आधीचं जाणून घ्यायला आडवाटेचे पुरावे वापरावे लागतात. ग्रीनलँडच्या दक्षिणेला समुद्राचा एक पट्टा असा आहे की सगळं जग तापत असताना तो गेल्या शंभर वर्षांत थोडा थंड झाला. २०१८ मधल्या एका अभ्यासाने त्यावरून काढलं की विसाव्या शतकाच्या मध्यापासून एमॉक सुमारे १५ टक्के मंदावला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या गटाने समुद्र-हवा यांच्यातल्या उष्णतेच्या देवाणघेवाणीवरून काढलं की गेल्या साठ वर्षांत घट दिसत नाही. माझं मत विचाराल तर तो थंड पट्टा मला अस्वस्थ करतो. वातावरणातल्या बदलांनी त्याचा काही भाग समजतो, सगळा समजत नाही.

तुम्ही वाचलेली 'कधी' वाली बातमी बहुधा २०२३ च्या डॅनिश अभ्यासाची. एका भावा-बहिणीने, पीटर आणि सुझान डिटलेव्हसन यांनी, १८७० पासूनच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून संख्याशास्त्राने काढलं की एमॉक २०२५ ते २०९५ च्या दरम्यान, बहुधा शतकाच्या मध्याला कोसळेल. त्यांच्या गणिताला मी नावं ठेवत नाही. पण एका छोट्या पट्ट्याचं तापमान म्हणजे एमॉक हे गृहीतक, त्यात १८७० च्या काळात बादलीने पाणी काढून घेतलेली तापमानं, आणि त्यावरून सत्तर वर्षं पुढचा हिशेब. मी अशा आकडेवारीवर वर्ष सांगणार नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की २१०० आधी अचानक कोसळणार नाही, आणि या विधानावरचा विश्वास 'मध्यम' ठेवला होता. आमच्या भाषेत 'मध्यम' हा शब्द फार काही सांगतो. ज्या विमानाबद्दल अभियंता मध्यम विश्वास दाखवेल त्यात आपण बसणार नाही.

त्यानंतर दोन अभ्यास एकमेकांसमोर उभे राहिले. २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्त विद्यापीठाने पूर्ण आकाराच्या हवामान प्रारूपात दोन हजारांहून जास्त वर्षांचं गणित चालवलं, गोडं पाणी अतिशय हळूहळू वाढवत नेलं, आणि एमॉक कोसळला. स्टॉमेलच्या दोन टाक्यांतलं वागणं मोठ्या प्रारूपातही दिसलं. फक्त, त्यासाठी त्यांनी आजच्या वितळण्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी घातलं होतं. २०२५ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याच्या गटाने ३४ प्रारूपं तपासली आणि दाखवलं की टोकाच्या तापमानवाढीतही एमॉक खूप दुबळा होतो, पण पूर्ण थांबत नाही. अंटार्क्टिकाभोवतीचे जोरदार वारे खालचं पाणी वर ओढत राहतात, आणि जे वर आलं ते कुठेतरी खाली जावंच लागतं. मला दोन्ही पटतात, कारण दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्याच वर्षी तिसऱ्या एका गटाने ज्या प्रारूपांचं गणित २१०० च्या पुढे नेलेलं आहे ती पाहिली: उत्सर्जन जास्त राहिलं तर त्यांतल्या सुमारे ७० टक्के गणितांत उत्तरेकडचं खोल बुडणं पुढच्या शतकात थांबतं, आणि त्याची दिशा या शतकाच्या मध्याच्या आसपासच ठरलेली असते. माझं लक्ष या शेवटच्या वाक्यावर खिळलं आहे. थांबणं नातवंडांच्या काळात, ठरणं आपल्या काळात.

आता एडिनबरो. ते ५६ अंश उत्तरेला, मॉस्कोच्या ओळीत. जानेवारीत तिथे सरासरी चार अंशांच्या आसपास, मॉस्कोला शून्याच्या बरंच खाली. हा सगळा फरक एमॉकमुळे नाही; पश्चिमेकडून येणारे वारे उन्हाळ्यात समुद्रात साठलेली ऊब किनाऱ्यावर आणतात, आणि ते एमॉकशिवायही चालू राहील. तरी एमॉक थांबला तर फरक मोठा पडेल. २०२५ मधल्या एका डच अभ्यासात, जग दोन अंशांनी तापलेलं आणि एमॉक कोसळलेला असं गृहीत धरलं, तर दहा वर्षांतून एकदा येणारी कडाक्याची थंडी लंडनला उणे २० आणि एडिनबरोला उणे ३० अंशांपर्यंत गेली. हिवाळ्यात समुद्रावरचं बर्फ ब्रिटनच्या जवळ येतं आणि वादळं वाढतात. एवढा धोका शेजारच्या देशांनी गंभीरपणे घेतला आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये ४४ हवामानशास्त्रज्ञांनी नॉर्डिक देशांच्या मंत्र्यांना खुलं पत्र लिहिलं, आणि २०२५ मध्ये आइसलँडने हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न मानला. पण हे सगळं या शतकाच्या उत्तरार्धाचं किंवा पुढच्या शतकाचं चित्र आहे. मुलाला घर घेऊ द्या. भिंती-छपराची ऊबबंदी आणि नदीच्या पुराची रेषा बघून घ्यावं, तेवढा सल्ला मी एमॉक नसता तरी दिला असता.

आणि आता खटाव.

एमॉक थांबला की ती उष्णता नाहीशी होत नाही. ती दक्षिण गोलार्धात राहते. उत्तर गोलार्ध थंड, दक्षिण गोलार्ध गरम, असं झालं की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उबेच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे सरकतो. आपला मान्सून हा त्याच पट्ट्याचा उन्हाळ्यात जमिनीवर चढून आलेला भाग. त्याला खेचणारी गोष्ट म्हणजे उत्तरेकडची तापलेली जमीन आणि तिबेटवरची तापलेली हवा यांचा हिंदी महासागराशी असलेला तापमानाचा फरक. उत्तर अटलांटिक थंड झाला की वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर तो गारवा आशियापर्यंत पोचतो आणि हा फरक कमी होतो. मान्सून उशिरा येतो, लवकर जातो, आणि दुबळा राहतो.

याचा पुरावा फक्त संगणकात असता तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. तो अरबी समुद्राच्या तळात आहे. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळाचे थर १९९८ मध्ये वाचले गेले, तेव्हा दिसलं की ग्रीनलँड गारठलं त्या त्या वेळी इथला मान्सून दुबळा होता, जवळजवळ पावलाला पाऊल. ओमानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळातून, २००३ मध्ये, गेल्या दहा हजार वर्षांतही हे नातं दिसलं. त्या कामात आघाडीवर खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता होते. आणि मेघालयात सोहरा म्हणजे चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने हजारो वर्षांत जे चुन्याचे खांब घडवले, त्यांतही १७,००० आणि १२,९०० वर्षांपूर्वीचे दोन्ही दुबळे काळ नोंदलेले आहेत. जगात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या पट्ट्यातल्या गुहेने अटलांटिकची नोंद ठेवावी, हे मला आजही थक्क करतं.

मग पुढे काय? जग तापतंय त्याने हवेत बाष्प वाढतं, आणि एकट्या त्या परिणामाने आपला पाऊस वाढायला हवा. बहुतेक प्रारूपं तसंच सांगतात. एमॉकचं मंदावणं उलट्या दिशेने ओढतं. थोडं मंदावलं तर बाष्पाची वाढ जिंकेल असं आज दिसतं. पूर्ण कोसळला तर, २०२४ मध्ये अनेक प्रारूपांची तुलना झाली तीत, भारतासह उत्तरेकडच्या मान्सून प्रदेशांचे पावसाळे आखूड आणि कोरडे काळ लांब झाले, आणि किमान शंभर वर्षं ते मूळपदावर आले नाहीत. सह्याद्रीच्या पश्चिमेला, जिथे तीन हजार मिलिमीटर पडतो, तिथे काही टक्के घट सोसता येईल. खटाव-माण-आटपाडीसारख्या पर्जन्यछायेत, जिथे पाचशेच्या आसपास पडतो आणि तोही परतीच्या पावसावर अवलंबून, तिथे पावसाळा पंधरा दिवसांनी आखूड होणं म्हणजे रब्बी ज्वारी हातची जाणं.

एक चूक मात्र करू नका, जी मी व्याख्यानांनंतर अनेकांच्या तोंडून ऐकतो. २००९ मध्ये आपल्याकडे २२ टक्के तूट होती आणि त्याच सुमारास एमॉकही घटला, म्हणजे संबंध आहे, असं नाही. त्या वर्षी प्रशांतात एल निनो होता. वर्षावर्षाचा पाऊस एल निनो आणि हिंदी महासागराच्या तापमानावर ठरतो. एमॉक दशकांच्या आणि शतकांच्या मापाने चालतो. यंदा पाऊस कमी का, याचं उत्तर अटलांटिकमध्ये शोधू नका.

आपल्या समुद्राकडून तिकडे जाणारा एक धागाही आहे. हिंदी महासागर जगातल्या इतर उष्णकटिबंधीय समुद्रांपेक्षा वेगाने तापतोय. त्यामुळे इथे पाऊस जास्त पडतो आणि अटलांटिकच्या उष्ण भागात कमी. तिथलं पाणी त्यामुळे जास्त खारट राहतं, आणि ते मीठ उत्तरेला पोचून एमॉकला आधार देतं. २०१९ मधल्या एका अभ्यासाने हे दाखवलं. एमॉक अजून टिकून का दिसतो याचं एक उत्तर कदाचित आपल्या दारातच असेल. हा आधार किती काळ पुरेल, हे समजण्यासाठी आपल्याकडची क्षारतेची मोजणी तितकीच चोख हवी. हैदराबादच्या केंद्राकडून सोडले जाणारे आर्गो तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जाऊन तापमान-क्षारता घेऊन वर येतात. प्रत्येक तरंगक चार-पाच वर्षांत संपतो, आणि त्याच्या जागी नवा सोडला गेला नाही तर नकाशावर भोक पडतं. मला काळजी वाटते ती अशा भोकांची, कारण मर्यादा ओलांडली जात असताना ते त्याच वेळी ओळखायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

तुमच्या प्रश्नातल्या 'कधी'चं उत्तर म्हणून वर्ष मी देणार नाही. रॅपिडच्या तारा दीड-दोन वर्षांनी वर काढल्या जातात आणि नवी नोंद जोडली जाते. आणखी दहा वर्षांची नोंद हाती आली की कल आणि चढउतार वेगळे करणं बरंच सोपं होईल. तोवर खटावच्या जमिनीसाठी तुम्ही शेततळं किंवा ठिबक करत असाल, तर तो निर्णय या सगळ्याची वाट न बघता घ्या. पावसाळ्यातले कोरडे खंड आताच वाढलेले आहेत, आणि त्यासाठी अटलांटिक थांबण्याची गरज पडलेली नाही.